सहल कुठल्या खर्चात दाखवायची?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते.

मे २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात नाशिकच्या आमच्या वस्तीतल्या चोवीस बायका दोन दिवस भंडारदऱ्याला जाऊन आल्या. त्यांनी तलाव पाहिला, काजवे पाहिले, करवंदं खाल्ली, भर दुपारी झाडाखाली झोपा काढल्या. परत आल्यावर मी कार्यालयात बसून अहवाल लिहिला. त्यात 'सहल' हा शब्द एकदाही आला नाही. मी लिहिलं, 'आदिवासी भागातील पाणीप्रश्न व महिलांची उपजीविका यांचा अभ्यासदौरा.' खर्च मंजूर झाला. आमच्या खर्चाच्या तक्त्यात प्रशिक्षण आहे, बैठक आहे, जनजागृती फेरी आहे. सहलीला मात्र रकाना नाही.

खोटं लिहिल्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की ते लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. समाजकार्याची पदवी घेऊन दहा-बारा वर्षं बायकांबरोबर काम करणाऱ्या मलाही आतून हेच पटलेलं होतं, की मौज म्हणजे काम नव्हे, आणि जे काम नाही त्याचं काहीतरी कारण द्यावं लागतं. या लेखात त्या दोन दिवसांचा खरा अहवाल द्यायचा आहे, आणि त्यातून पडलेले प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचे आहेत.

सहलीची मागणी माझी नव्हती. बचत गटाच्या बैठकीत कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलणं चाललं होतं. चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई मध्येच म्हणाली, "तुम्ही आम्हाला हक्क शिकवता, कायदे शिकवता, ते चांगलंच आहे. पण लग्नाला पंधरा वर्षं झाली, मला एकदाही अशा ठिकाणी जायला मिळालं नाही, जिथं मला कुणाचं काही करायचं नाही." सगळ्या हसल्या. मग मी प्रत्येकीला विचारलं, की गेल्या पाच वर्षांत तुम्ही घराबाहेर मुक्कामाला कुठे कुठे गेलात? उत्तरं आली ती अशी : दिराच्या लग्नाला, नणंदेच्या बाळंतपणाला, सासऱ्यांच्या दहाव्याला, वणीच्या देवीला, सरकारी दवाखान्यात सासूजवळ बसायला. माहेरी गेलेल्याही तिथे भावजयीच्या हाताखाली राबून आल्या होत्या. यातल्या एकीही ठिकाणी ती स्वतःसाठी गेली नव्हती. देवीलासुद्धा ती नवस फेडायला गेली होती, आणि तो नवस मुलाच्या नोकरीचा होता.

भंडारदरा ठरलं ते जवळ म्हणून. नाशिकहून एस.टी.ने घोटी आणि तिथून बारीमार्गे शेंडी, असा सत्तरेक किलोमीटरचा प्रवास. मे महिन्याचा शेवट ठरला तोही सोयीने. मुलांना सुट्टी असते, आणि ज्यांच्या घरी या बायका कामाला जातात त्या घरच्या मालकिणी तेव्हा स्वतःच बाहेरगावी गेलेल्या असतात. त्यांची सुट्टी होते म्हणून हिला सुट्टी मिळते. शिवाय मार्च २०२३ मध्येच एस.टी.त बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली होती. त्यावर गटातली एक जण म्हणाली ते अजून माझ्या कानात आहे : "तिकीट अर्धं झालं ताई, परवानगी कुठं अर्धी झाली?"

गटात एकतीस जणी. निघाल्या चोवीस. सातजणींची कारणं मी वहीत लिहून ठेवली आहेत. दोघींना नवऱ्याने नाही म्हटलं, एकीला सासूने, दोघींकडे तान्ही मुलं होती. एकीकडे पैसे नव्हते, पण ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि एक म्हणाली, "मला भीती वाटते, एकदा सवय लागली तर?" आलेल्यांपैकी एकीने निघायच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून दोन दिवसांच्या चपात्या करून ठेवल्या होत्या, भाजी चिरून ठेवली होती, नवऱ्याचे दोन दिवसांचे कपडे इस्त्री करून खुंटीला लावले होते. दोन दिवसांची सुट्टी मिळवायला तिने आधी दोन दिवसांचं काम उपसून ठेवलं. पुरुष सहलीला निघतो तेव्हा पिशवी उचलतो आणि निघतो.

हे केवळ आमच्या वस्तीचं नाही. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं त्यात दिसलं, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटं होती. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात सव्वीस, बायका एक्याऐंशी. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटं! आपल्या फुरसतीचा प्रश्न या आकड्यांत दडलेला आहे. बाईला वेळ नसतो असं आपण सहज म्हणतो. खरं तर तिचा वेळ तिच्या हातात नसतो.

आता भंडारदऱ्याबद्दल. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत प्रवरा नदी अडवून हे धरण बांधलं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव धरणाला, दुसऱ्या एका साहेबाचं नाव तलावाला. पण या सगळ्यावर उभ्या असलेल्या महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराला, म्हणजे १६४६ मीटरच्या डोंगराला, मात्र एका कामकरी मुलीचं नाव आहे. तिची गोष्ट पुढे सांगतेच.

उन्हाळ्याच्या शेवटी तलाव भरलेला नसतो. पाणी खाली गेलेलं, काठावर तडकलेल्या चिखलाचे पट्टे, आणि त्यापलीकडे रतनगड. आमच्या बायकांना वाटलं होतं तसा तो चित्रातला तलाव नव्हता. पण इतकं पाणी एका जागी, आणि ते कुणी हंड्यात भरायला सांगत नाही, याचंच त्यांना अप्रूप. कुणी पाय सोडून बसलं, कुणी पदर खोचून पाण्यात उतरलं. साठीच्या एक मावशी दोन तास नुसत्या बसून होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय म्हणून तर बसलेय." बाई नुसती बसलेली दिसली की तिला काहीतरी झालं असणार, असं माझ्याही मनात आलं होतं.

संध्याकाळी मात्र पहिला खटका उडाला. काजवे पाहायला अंधार पडल्यावर निघायचं होतं. ज्या तंबूवाल्याकडे आम्ही उतरलो होतो तो म्हणाला, "लेडीज ग्रुप आहे, नऊच्या आत तंबूत या. रात्री इथे पिऊन फिरणारे लोक असतात, मी जबाबदारी घेणार नाही." शेजारच्या तंबूत पंधरा-सोळा तरुण मुलं होती, बाटल्या उघड्या होत्या, मोटारीतल्या गाण्यांचा आवाज डोंगरावर आपटत होता. त्यांना वेळेचं बंधन नव्हतं. ज्यांच्यापासून धोका ते मोकळे आणि ज्यांना धोका त्या आत! वस्तीत असंच, आणि तलावाकाठीही असंच. आम्ही मात्र हे ऐकलं नाही. चोवीसजणी एकमेकींचे हात धरून निघालो. एकट्या बाईला जे करता येत नाही ते चोवीसजणींना येतं, हे आपण मोर्चात शिकलोच आहोत. ते सहलीतही खरं ठरलं.

काजव्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्यातल्या बऱ्याचजणींनी ते लहानपणी गावाकडे दोन-चार पाहिले होते, असे कधीच नाहीत. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत, इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर ते हजारोंनी बसतात. एका फांदीवर चमक उठते आणि क्षणात सगळं झाड लखलखतं, मग सगळं एकदम विझतं, पुन्हा उठतं. हा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. ती मादी बहुतेकदा खाली गवतात, झुडपात असते. आपण बॅटऱ्या मारल्या, मोटारीचे दिवे लावले, की ही साद पोचत नाही, आणि झाडाखाली गर्दीने गवत तुडवलं तर त्यांची पुढची पिढीच संपते. आम्ही बॅटऱ्या बंद केल्या. बाकीच्यांच्या मोटारींचे दिवे चालूच होते.

अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एकीने हळूच गाणं सुरू केलं, आपलं चळवळीतलं नव्हे, लग्नातलं. मी सवयीने 'चला, गोल करू, अनुभव सांगू' म्हणणार होते. सुदैवाने गप्प बसले.

परतलो तेव्हा दहा वाजून गेले होते. जेवण गरम होतं. तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा. इतक्या रात्री गरम भाकरी कशी, म्हणून मी मागच्या बाजूला गेले. पत्र्याच्या आडोशाला दोन चुली पेटलेल्या, आणि दोन जावा-जावा भाकऱ्या थापत बसलेल्या. महादेव कोळी समाजाच्या, वरच्या वाडीतल्या. आमच्यासकट साठेक माणसांसाठी त्या रात्री दोघींनी मिळून दीडशेच्या वर भाकऱ्या थापल्या होत्या. थोरली म्हणाली, पहाटे चारला उठून पाणी भरलं. तलाव खाली दिसतो, पण वाडीची विहीर आटते, मेमध्ये दोन हंड्यांसाठी झऱ्याला जाऊन बसावं लागतं. मग राबाचं काम. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची असते, ते पावसाच्या आत उरकायला हवं. पावसाळ्याचं सरपण भरायचं, घर शाकारायचं. आणि याच पंधरा दिवसांत पाहुणे. दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत चुलीपुढे. मजुरी तीनशे रुपये. तंबूवाल्याने आमच्याकडून माणशी आठशे घेतले होते.

मी विचारलं, "काजवे बघायला जाता का तुम्ही?" ती हसली. "काजवं काय, रोजचंच. येता-जाता दिसत्यात." मग तिने मला विचारलं, "तुम्ही साऱ्या बायाबायाच आल्या? घरचं कोण करतंय मग?"

मला एकदम कळेना काय उत्तर द्यावं. आमच्या चोवीसजणींनी दोन दिवस चूल सोडली होती हे खरं. पण चूल विझली नव्हती. ती फक्त दुसऱ्या बाईकडे गेली होती, आमच्याहून गरीब बाईकडे, वर्षातल्या तिच्या सगळ्यांत कामाच्या दिवसांत.

सकाळी यावर आमच्यात चांगलीच जुंपली. पहाटे उठून आमच्यातल्या पाचजणी परस्पर चुलीपाशी जाऊन भांडी घासायला बसल्या होत्या. बाकीच्या चिडल्या. "इथं येऊनसुद्धा भांडीच घासायची होती तर घरी काय वाईट होतं?" त्या पाचजणी म्हणाल्या, "आम्ही पण दुसऱ्याच्या घरी हेच करतो. आमच्या मालकिणीने एक दिवस जरी आमच्यासोबत भांडी घासली असती तर आम्हाला कसं वाटलं असतं?" दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मी तेव्हा निवाडा दिला नाही, आजही देऊ शकत नाही. एवढंच वाटतं, की भांडी घासणाऱ्या पाचजणींमध्ये काही भगिनीभाव होता आणि काही निव्वळ सवय होती, आणि कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेव्हाच चुलीजवळच्या थोरल्या जावेने कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या इंदोरे गावातल्या एका घरी कामाला राहिली. राहताना अट घातली : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, बाकी सांगाल ते करीन. बरेच दिवस बरं चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलंच. तिने ते केलं, आणि तडक डोंगर चढून वर गेली. पुन्हा खाली आली नाही. ही कथा १८८४ च्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. तिने भांडी घासली ती जागा, केर काढला ती जागा, असं लोक दाखवतात. आज तिच्या देवळाकडे जायला लोखंडी शिड्या आहेत, नवरात्रात गर्दी होते, बायका ओटी भरतात. जी बाई 'एवढं काम मी करणार नाही' म्हणून निघून गेली तिची आपण देवी केली, आणि तिची अट सोयीस्करपणे विसरलो. गोष्ट संपल्यावर आमच्यातली ती धुणीभांडी करणारी ताई म्हणाली, "तिला निदान जायला डोंगर तरी होता."

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसले ती सांगते. रविवारी रात्री आम्ही वस्तीत परतलो. त्यातल्या एकीच्या नवऱ्याने दार उघडलं नाही. रात्रभर ती ओट्यावर बसून होती. सकाळी सहाला तिने मला निरोप दिला. आम्ही बावीस-तेवीसजणी तिच्या दारात जाऊन उभ्या राहिलो तेव्हा कडी निघाली. मी त्याच्याशी बोलले. हा माणूस तिला आजवर अडवणारा नव्हता. ती पहाटे साडेपाचला कामावर जाते, तो काही म्हणत नाही. त्याच्या आईच्या आजारपणात ती आठ रात्री दवाखान्यात झोपली, त्याला ते योग्यच वाटलं. आमच्या प्रशिक्षणाला ती दोन दिवस मुक्कामी आली होती, तेव्हाही त्याने विचारलं नव्हतं. या वेळी त्याचं म्हणणं एकच होतं : "काम नव्हतं ना काही? मग गेली कशाला?"

मैत्रिणींनो, यात सगळं आलं. कामासाठी बाहेर गेलेली बाई चालते, दुसऱ्यासाठी गेलेली चालते. फक्त स्वतःसाठी गेलेली बाई चालत नाही. तिथे त्याला धोका दिसतो, आणि तो बरोबर ओळखतो. कारण बिनकामाची बाहेर पडणारी बाई हे सांगत असते, की तिचा वेळ आणि तिचं शरीर यांवर आधी तिचा हक्क आहे. आपण हिंसाचाराच्या प्रश्नाला गंभीर आणि फुरसतीच्या प्रश्नाला किरकोळ मानतो. त्या ओट्यावर हे दोन्ही प्रश्न एकच होते.

आणि माझ्या अहवालात यातलं काहीही आलं नाही. 'अभ्यासदौरा' म्हटल्यामुळे रात्रभर ओट्यावर बसलेल्या बाईला त्यात जागा नव्हती. अभ्यासदौऱ्याला गेलेल्या बाईवर घरात दार का बंद व्हावं? चुलीपुढच्या दोघींनाही जागा नव्हती, कारण त्या 'उपजीविकेची साधने' या एका ओळीत गेल्या. सहलीला सहल म्हटलं नाही, म्हणून तिची किंमत कुणीकुणी मोजली तेही लिहिता आलं नाही. माझं खोटं निरुपद्रवी नव्हतं.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, पाण्याचा, रेशनचा, मारहाणीचा प्रश्न सुटलेला नसताना सहलींची चर्चा म्हणजे मध्यमवर्गीय चैन आहे. हा आक्षेप मी स्वतःशीच खूपदा घेतला आहे. त्यावर माझं म्हणणं असं. चैन ज्यांना परवडते त्या सहलीची मागणी करत नाहीत, जातात. मागणी करावी लागते ती आमच्या वस्तीतल्या बाईला. विश्रांती आणि फुरसत हा माणसाचा हक्क आहे, असं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं चोविसावं कलम सांगतं. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारात तेराव्या कलमात मनोरंजन, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातला समान हक्क लिहिलेला आहे. भारताने या कराराला १९९३ मध्ये मान्यता दिली. आपण त्या कराराची इतर कलमं शिबिरात पाठ करून घेतो. हे कलम मात्र मी तरी कुठल्या शिबिरात शिकवलेलं ऐकलं नाही. शहरांच्या बाबतीत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११ च्या पुस्तकात बायकांच्या विनाकारण भटकण्याचा हक्क मांडला. मला तो तलावाच्या काठापर्यंत न्यायचा आहे, आणि तिथे चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंतही.

कारण दुसरा आक्षेप पहिल्याहून खरा आहे. आपली फुरसत दुसऱ्या बाईच्या झोपेतून कापून घेतलेली असेल तर तिला हक्क म्हणता येणार नाही. ती फक्त एक पायरी वर चढलेली बाई ठरेल.

म्हणून २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला पुन्हा गेलो तेव्हा आम्ही काही गोष्टी बदलल्या. तंबूवाल्याकडे न जाता वाडीतल्या बायकांच्या बचत गटाशी आधीच बोललो. माणशी किती घ्यायचे ते त्यांनी ठरवलं, आम्ही घासाघीस केली नाही. पैसे गटाच्या खात्यात भरले. रात्रीचं जेवण सात वाजता, आणि तेही खिचडी आणि लोणचं. भाकरी फक्त दुपारी. ज्याचं ताट त्याने घासायचं. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. खिचडीवरून आमच्यात कुरकूर झाली, आणि प्यायचं पाणी कमी पडलं तेव्हा ते वाडीतल्या बायकांनीच आणलं, हे आम्हाला नंतर कळलं. पण साडेसातला चुली विझल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या दोघी जावा आणि आणखी तिघीजणी आमच्याबरोबर आल्या. झाडापाशी थोरली बराच वेळ उभी होती. म्हणाली, "रोज दिसत्यात. पण असं उभं राहून कवा बघितलं नव्हतं."

या अनुभवावरून काही सूचना करते.

एक, आपल्या संस्था-संघटनांनी वार्षिक अंदाजपत्रकात 'सहल व विश्रांती' असा रकाना उघडपणे घालावा आणि देणगीदारांना त्याचं कारण समजावून सांगावं. ते नाही म्हणाले तर नाही म्हणाले, पण आपण खोटं लिहिणं थांबवावं. मी माझ्या संस्थेत ही मागणी लेखी दिली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

दोन, सहलीला येऊ न शकलेल्या बायकांची कारणं तितक्याच काळजीने नोंदवावीत. आमच्या वहीतली ती सात कारणं म्हणजे आमच्या पुढच्या वर्षभराच्या कामाची यादी होती.

तीन, परतल्यानंतरच्या आठवड्यात प्रत्येकीच्या घरी जाऊन यावं. सहल घरी पोचल्यावर संपत नाही.

चार, जिथे जाऊ तिथे काम करणाऱ्या बायकांशी मजुरीबद्दल आणि वेळेबद्दल सरळ बोलावं. त्यांच्या कामाचे दिवस कोणते ते विचारून मगच तारीख ठरवावी.

पाच, रस्त्यावर आणि तलावाकाठी बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत ही मागणी लावून धरावी. आमच्यातल्या कितीतरी जणींनी जाताना चार तास घोटभर पाणी प्यायलं नाही, आणि हे त्यांना सांगण्यासारखंही वाटलं नाही.

सरकारचंही थोडं. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने महिला केंद्रित पर्यटन धोरण मंजूर केलं. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलेला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. चांगली गोष्ट आहे, आणि आपण ती गावोगावी सांगायला हवी. पण वाडीत घर आणि जमीन बहुतेक पुरुषाच्या नावावर असताना व्यवसाय बाईच्या नावावर कसा होणार, हे आपल्यालाच विचारावं लागेल. आणि या धोरणाचं नाव आहे 'आई'. नावामागे आदर असेल. तरी माझ्या मनात आलं, फिरायला निघालेल्या बाईलासुद्धा आधी आई व्हावं लागतं का?

त्या रात्री दाराबाहेर बसलेली आमची मैत्रीण दुसऱ्या वर्षीही आली. या वेळी तिने घरी काय सांगितलं असं मी विचारलं. मला वाटलं, प्रशिक्षण म्हणाली असेल, माझ्यासारखंच. ती म्हणाली, "सहलीला जाते म्हणून सांगितलं. तुम्ही खोटं लिहिता ताई, मला नाही जमत."

तुमच्या गटात सहली निघतात का? त्यांचा खर्च तुम्ही कसा दाखवता? कोण येऊ शकत नाही, आणि तिथे तुमच्यासाठी कोण रांधतं? जरूर लिहा. पुढच्या अंकात यावर आपण सगळ्याजणी मोकळेपणाने बोलू या.